आवळलेला काठ

सुंद्राक्का कुणाच्याही घरी ताक प्यायची, ती आधी त्या घरच्या बाईला एक घोट घ्यायला लावून. "तुमी घ्या की पयला, आमी काय पळून जातो व्हय?" असं हसत म्हणायची, पण नजर त्या बाईच्या गळ्यावर असायची. घोट खरंच खाली उतरला का, ते ती बघायची.

बेळगावच्या शहापुरात आमच्या बोळात ती समोरच राहायची. विणकराचं घर. पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग, मागच्या खोलीत चूल, आणि मधल्या दारात बसून दिवसभर बोळाकडे बघणारी तिची सासू. सुंद्राक्का चाळिशीला आलेली, हाडकुळी, कपाळावर मोठं कुंकू. तिची एकुलती मुलगी लग्न होऊन खानापूरकडे गेली होती. सुंद्राक्काचा भाऊही तिकडेच शेती करायचा.

मी कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात शिकले आणि पुढे तिथेच लहान मुलांना शिकवायला लागले. त्यामुळे बोळातल्या बायका माझ्याशी जपून बोलायच्या आणि मी त्यांच्याशी जवळजवळ बोलायचीच नाही. शाळेत माझं इंग्रजी ठीक चालायचं. घरी आल्यावर मात्र मला कुठल्याच भाषेत काही सुचत नसे. इतरांना हा माझा ताठा वाटायचा. सुंद्राक्काला तो माझा एकमेव गुण वाटायचा.

"तू बोलत न्हाईस," ती एकदा म्हणाली, "म्हणून तुझ्याजवळ बसावं वाटतं बघ. बोलणाऱ्या बायकांचं काय खरं न्हाय."

तरी तिने माझी परीक्षा घेतलीच. कसल्याशा डब्यावरचं इंग्रजी वाचून दाखव म्हणाली. मी वाचलं, अर्थ सांगितला. चार-आठ दिवसांनी तोच डबा घेऊन परत आली. "हे काय लिवलंय गं?" मी म्हटलं, "आक्का, हे मागेच वाचलं की." "वाच की परत. पैलं सांगितलंस तेच निघतंय का बघते." तेच निघालं, तेव्हा ती डबा काखेत मारून गेली. पुढे माझ्या इंग्रजीवर तिने कधी शंका घेतली नाही.

कापडाच्या बाबतीत तर ती कुणालाच सोडत नसे. दुकानातलं नवं लुगडं असो की स्वतःच्या नवऱ्याने मागावरून उतरवलेलं, आधी मधोमध दुमडायची आणि दोन्ही काठ एकमेकांवर ठेवून बोटांनी चाचपत टोकापर्यंत जायची. एक काठ दुसऱ्यापेक्षा जरा आखूड निघाला की तिचा चेहरा उजळायचा. चोर सापडला. मला तिने एकदा समजावून सांगितलं होतं. एका काठाचे उभे धागे जास्त आवळून बसले, तर मागावर असेपर्यंत काही कळत नाही. सगळं ताणलेलं असतं, सरळ दिसतं. खाली उतरवून अंथरलं की लुगडं त्या काठाकडे विळ्यासारखं वळतं. "मागावर सगळंच सरळ दिसतंय गं," ती म्हणायची, "उतरल्यावर बघावं."

तिच्या नवऱ्याचं नाव परसूअण्णा. मऊ बोलणारा, मान खाली घालून धोटा फेकणारा माणूस. त्याच्याबद्दल बोळात कुणाला काही बोलायला नसे. पण सुंद्राक्काला त्याच्या हाताबद्दल बोलायचं असायचं. त्याच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तळव्याकडे वाकलेलं होतं. नमस्कार केला तर दोन तळव्यांत फट राहायची. "हात कधी पुरा उघडत न्हाय बघ ह्यांचा," ती हलक्या आवाजात सांगायची. "मूठ झाकणारा माणूस कायतरी लपवतोय." मी हसायची. ती हसायची नाही.

लढाईच्या दिवसांत सूत मिळेनासं झालं आणि बोळातले माग एकेक करून थांबले. परसूअण्णाही रिकामा झाला. त्या हिवाळ्यात त्याने आपलं अंथरूण मागच्या खोलीतून उचललं आणि मागाच्या खड्ड्याशेजारी टाकलं. कारण विचारलं तर उकडतं म्हणाला. बेळगावात, थंडीत! जेवण कमी झालं. बायकोकडे पाठ करून बसू लागला. आणि दर पंधरा दिवसांनी "सूत बघून येतो" म्हणून निपाणीला जायला लागला.

"निपाणीत तंबाखू मिळती," सुंद्राक्का मला म्हणाली. "सूत कुठलं?"

शाळेला सुट्टी होती. ती आईकडे आली आणि निपाणीत एका घरी लुगडं दाखवायचंय, पत्ता वाचायला शालूला, म्हणजे मला, न्यायचं आहे, असं म्हणाली. आई हो कशी म्हणाली, याचं मला अजून नवल वाटतं. परसूअण्णा सकाळच्या सर्व्हिस मोटारीने गेला होता. आम्ही त्यानंतरच्या मोटारीने गेलो. निपाणीत उतरल्यावर पहिला श्वास घेतला तो तंबाखूचाच. मी शिंकत होते आणि सुंद्राक्का पदर डोळ्यांपर्यंत ओढून गर्दीत एकेक पागोटं तपासत होती. तिला बाई सापडायला हवी होती. कुठली तरी माडी, कुठलं तरी दार. मला त्या दिवशी तिची भीती वाटली.

परसूअण्णा सापडला, पण दारात नव्हे. तंबाखूच्या एका वखारीच्या भिंतीला टेकून एक वैदू मुळ्या, बाटल्या आणि वाळलेली घोरपड मांडून बसला होता. भोवती पुरुष उकिडवे बसले होते. वैदू ओरडत होता, "गरमी, परमा, जुनं दुखणं, नवं दुखणं, चोरीचं दुखणं!" परसूअण्णाने एक बाटली घेतली, उपरण्यात गुंडाळली आणि मान खाली घालून निघाला.

सुंद्राक्का ओरडली नाही. तिने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. "म्हंजे बाई हाय," ती म्हणाली. "बाईशिवाय हे दुखणं येत न्हाय."

परतीच्या मोटारीत तो पुढे, आम्ही मागे. त्याने आम्हाला चढताना बघितलं होतं. बेळगाव येईपर्यंत त्याने मान वळवली नाही आणि तिने त्याच्या मानेवरून नजर काढली नाही. मी खिडकीबाहेर बघत होते. मोटारीत एवढी शांतता होती, की कंडक्टरने विचारलं, "काय मयतीला गेलता काय?"

पुढचं मला सुंद्राक्काने आमच्या परसात, धुण्याच्या दगडावर बसून सांगितलं. तिने त्याच्यासमोर बाटली मोरीत ओतली. तो आधी ओरडला, मग रडला आणि मग त्याने तिला दाखवलं.

"वाकडं झालंय गं," ती म्हणाली.

"काय?" मी विचारलं. मला कळलं होतं. पण कळलं नाही असं दाखवणं सोपं होतं.

"आता काय म्हणून सांगू तुला? पुरुषाचं. एरवी बरं असतंय. ताठलं की डावीकडं वळतंय, आन जीव जातोय त्यांचा. आत गाठ लागती हाताला. वाटाण्याएवढी, घट्ट."

मी बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिले. माझे कान तापले होते. ती मात्र आता थांबणार नव्हती. नवरा कुठल्याच बाईकडे गेलेला नाही, हे त्याने मुलीची शपथ घेऊन सांगितलं होतं. तिला ते अर्धंच पटलं होतं. मग हे आलं कुठून? सासूला त्या आठवड्यात मागाच्या खड्ड्यात एक वाळलेलं लिंबू सापडलं. मुलगा खात नाही, खंगतोय, वेगळा निजतोय. तिने हिशेब मांडला आणि दारात बसून सांगायला सुरुवात केली, की सून करणी करते. बोळ ऐकत होता.

"म्हातारीचं जाऊ दे," सुंद्राक्का म्हणाली. "काल मी ह्यांना ताक दिलं. तर हे मला म्हणाले, आधी तू पी."

जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्याकडे बघणारी ती बाई. काल तिच्या गळ्याकडे बघितलं गेलं होतं, तेही तिच्याच घरात.

"मी प्याले," ती म्हणाली. "सगळं प्याले. आन ट्रंक भरली. भावाकडं खानापूरला जाते. करणी करणारी म्हणून ह्या बोळात ऱ्हायची न्हाय मी."

ट्रंक मी येताजाता बघत होते. पत्र्याची, हिरवी. त्यांच्या मधल्या दाराशी उभी. गेलीच असती ती. मग बोळाला जे वाटत होतं ते खरं ठरलं असतं आणि तिला परत यायला दार उरलं नसतं. मी धीर करून म्हटलं, "आक्का, कॅम्पातल्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहेत. शाळेत मुलांना तपासायला येतात. जायच्या आधी त्यांना विचारू या का?"

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "तुझा काय फायदा त्यात?"

"काही नाही."

"बरं," ती म्हणाली. "पण नाव सांगायचं न्हाय."

डॉक्टरीणबाई मद्रासकडच्या, पन्नाशीच्या. इंग्रजी बोलायच्या, हिंदी जेमतेम. सुंद्राक्काने खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची हलवून बघितली. मग मला म्हणाली, "सांग, आमच्या शेजारणीच्या नवऱ्याला एक दुखणं हाय."

मी इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत ते सांगता आलं, याचं मला तेव्हाच आश्चर्य वाटलं. ते शब्द मी पुस्तकात वाचले होते, त्यांनी मला कधी लाजवलं नव्हतं. मराठीत त्यांतला एकही उच्चारला नसता. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "त्या शेजारणीच्या नवऱ्याच्या तळहातात एखादी घट्ट दोरी लागते का? बोट आत वाकलंय का?"

मी मराठीत सांगताच सुंद्राक्का ताडकन माझ्याकडे वळली. "तू सांगितलंस!"

"मी कशाला सांगू?"

"मग हिला कसं ठाव? आमच्या ह्यांचं बोट हिनं कधी बघितलं?" आणि मग आपण काय बोलून गेलो ते लक्षात येऊन तिने पदर तोंडाला लावला.

डॉक्टरीणबाईंना मराठी कळत नव्हतं, पण ते सगळं कळलं असावं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, ते मी तुकड्यातुकड्याने मराठीत आणलं. काही माणसांत शरीराच्या आतल्या पडद्यांत वण धरतो. कुणाच्या तळहातात, कुणाच्या तिथे, आणि कुणाच्या दोन्हीकडे.

"वण वर पडतोय," सुंद्राक्का म्हणाली. "आत कसा पडंल?"

मला ते समजावता येईना. मी डॉक्टरीणबाईंना तसं सांगितलं. त्यांनी ट्रेमधला रबरी हातमोजा उचलला, चिकटपट्टीचा एक तुकडा कापला आणि मोज्याच्या एका बोटावर एका बाजूने उभा चिकटवला. मग मोज्याचं तोंड ओठांना लावून त्या जोरात फुंकल्या. मोज्याची बाकीची बोटं ताठ उभी राहिली. ते एकच बोट पट्टीकडे वळलं.

एरवी मी लाजेने मेले असते. पण सुंद्राक्का खुर्चीच्या टोकावर आली होती. तिने हात पुढे केला, मोज्याच्या त्या बोटाची एक कड चाचपली, मग दुसरी. लुगड्याचे काठ चाचपायची तसंच.

"काठ आवळलाय," ती म्हणाली. "एका बाजूचा काठ आवळलाय. बाकीचं ताणतंय आन तेवढंच ताणत न्हाय."

मी ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगदी बरोबर. आता तिला एक विचार. त्याने ते हाताने सरळ करायचा प्रयत्न केलाय का?"

विणकर आवळलेल्या काठाचं काय करतात, हे सुंद्राक्का मला सांगू लागली. कापड भिजवायचं, दोघांनी दोन टोकांना धरायचं आणि उलट अंगाला ओढायचं. पुन्हा पुन्हा ओढायचं. जरा तरी सरळ येतं. परसूअण्णा दोन महिने तेच करत होता. गरम पाण्याचं फडकं लावून, दात आवळून, मागाच्या खड्ड्याशेजारी एकटा. म्हणूनच अंथरूण तिकडे गेलं होतं.

"थांबवायला सांग," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "ते कापड नाही. प्रत्येक ओढीला आत बारीक फाटतं, रक्त साकळतं आणि त्याचा आणखी वण होतो. ओढायचं नाही, बांधायचं नाही, बाजारातलं तेल लावायचं नाही."

मग सुंद्राक्काने आपल्या एकेका संशयाचं उत्तर मागून घेतलं. हे बाईकडून येतं का? नाही. बायकोला लागतं का? नाही. गाठ वाढून माणूस मरतो का? ही ती गाठ नव्हे, पण पुरुष डॉक्टरने एकदा हाताने तपासायला हवी. इथले सर्जन बघतील. मग आलं कुठून? कधी लहानशी इजा, जी त्या वेळी कळतही नाही. पुष्कळदा कारण सापडतच नाही. शेवटी ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "खाण्यातनं घातलं तर?" मी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "खाण्यातून नाही. कुणी केल्याने नाही."

"आन औषध?"

"औषधं पुष्कळ देतात," त्या म्हणाल्या. "खात्रीने सांगावं असं माझ्याकडे एकही नाही. दुखणं बहुतेकांचं काही महिन्यांनी, वर्षभराने कमी होतं. बाक बहुधा राहतो. क्वचित थोडा उतरतो, कधी वाढतोही. पुष्कळ जोडपी त्यातून वाट काढतात."

शेवटचं वाक्य मी भाषांतर करताना गाळणार होते. पण सुंद्राक्काने माझा दंड धरला. "अजून कायतरी म्हणाली ती. सांग." मी सांगितलं.

बाहेर आल्यावर आम्ही कॅम्पातल्या झाडांखालून चालत होतो. मला वाटलं, ही आता म्हणेल की बाई लबाड आहे. ती म्हणाली, "निपाणीच्या त्या मेल्याकडं सगळ्यावर औषध हुतं. ही न्हाय म्हणतीया. म्हंजे खरं बोलती."

परसूअण्णाला दवाखान्यात न्यायचं, तर बोळाला काय सांगायचं, हा प्रश्न होता. तो तिने असा सोडवला, की मी तिच्या संशयी डोक्याला मनोमन हात जोडले. आपल्याला कुणीही पकडू शकेल अशा प्रत्येक जागेचा तिने आधीच विचार करून ठेवला होता. तिने नवऱ्याचं बोट पुढे केलं. वाकडं बोट सगळ्यांनी बघितलेलं होतं. त्या बोटामुळे धोटा नीट बसत नाही, त्या काळजीने जेवण जात नाही, आता डॉक्टरला दाखवणार. बोट घेऊन परसूअण्णा गेला. सर्जननी हात टेबलावर सपाट टेकवायला लावला, तो टेकेना; मग त्यांनी दोन्ही तपासलं. त्यांनीही तेच सांगितलं.

तो परतला तेव्हा मी आमच्या दारात होते. सासू मधल्या दारात बसली होती, शेजारी हिरवी ट्रंक. बोळातल्या बायका जिथल्या तिथे थबकल्या होत्या. परसूअण्णा उंबऱ्यात बसला. सुंद्राक्का आतून ताकाचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्यापुढे उभी राहिली. तिने तो त्याच्या हातात दिला नाही. आपल्या ओठांजवळ नेला. आधी मीच पिते, असं.

"आण इकडं," परसूअण्णा म्हणाला.

"पिऊ नगंस रं," सासू म्हणाली. "त्यात काय हाय ते तुला—"

त्याने तांब्या सुंद्राक्काच्या हातातून घेतला आणि तोंड लावून सगळा पिऊन टाकला. मिशीवरचं ताक त्याने पुसलं नाही. मग वाकड्या बोटाचा तळहात आईपुढे धरला. "ह्यात दोरी धरलीया. रोग हाय हा. डॉक्टरनं नाव सांगितलंय त्याचं. हिनं कायबी केलं न्हाय." त्याचा आवाज एवढा मोठा मी आधी कधी ऐकला नव्हता. बोळातल्या बायका आपापल्या कामाला लागल्या.

म्हातारीने बोट धरून उलटंसुलटं बघितलं. "इंग्रजी नाव हाय काय?" तिने विचारलं.

"व्हय."

"मग असंल," ती म्हणाली.

दुखणं थांबायला जवळजवळ वर्ष गेलं. सुंद्राक्का मला मधून मधून सांगायची, मी न विचारता, आणि माझे कान तापले तरी. बाक थोडा राहिला. "ऱ्हाऊ दे," एकदा कांडीवर सूत भरताना ती म्हणाली, "चालतंय. वाट काढली." आणि आपणच एवढी हसली, की सूत तुटलं. अंथरूण मागच्या खोलीत परत गेलं होतं. ट्रंक मात्र कुणी उचलून आत ठेवली नाही. तिच्यावर कांड्यांची टोपली आली आणि ती मागाशेजारचं फळकूट होऊन बसली.

संशय काही गेला नाही तिचा. ताकाचा पहिला घोट ती अजूनही आम्हाला घ्यायला लावायची. फक्त नवऱ्याच्या मुठीबद्दल पुन्हा कधी बोलली नाही.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा बघायला आला तेव्हा घरात माणसं मावत नव्हती. मी मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात समोरच्या घरातून सुंद्राक्का आली, मागे परसूअण्णा. ती थेट त्या मुलापुढे जाऊन उभी राहिली.

"जावायबापू," ती म्हणाली, "हात ठेवा बघू पाटावर. सपाट. पालथा, असा दाबून."

त्याला काही कळलं नाही. माझ्या वडिलांनाही नाही. आई म्हणाली, "हात बघता येतो वाटतं आक्कांना." त्याने निमूटपणे तळहात पाटावर ठेवला. सुंद्राक्का खाली वाकली, बोटाबोटाखालून नजर फिरवली. लुगड्याचा काठ तपासल्यासारखी. सगळी खोली तिच्या भविष्याची वाट बघत होती.

मी मान वर केली. दाराशी उभा असलेला परसूअण्णा आपला उजवा हात उपरण्यात लपवत होता आणि हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. सुंद्राक्काने मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"तुमाला काय झालं हसायला?" ती म्हणाली. मग पाटावरच्या हाताकडे परत वळली आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, "दुसरा हात दावा."